वीस मीटर तार, टू बीएचके

मुंबईतल्या राहत्या इमारतीतून गुपचूप तार सोडून रेडिओ चालवणं ही काही आजची गोष्ट नाही. १९४२च्या ऑगस्टअखेरीस काँग्रेस रेडिओ सुरू झाला, तो अशाच घरांतून. बावीस वर्षांच्या उषा मेहता, त्यांचे सहकारी आणि ट्रान्समीटर उभा करून देणारे नरिमन प्रिंटर यांनी चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी असे पत्ते बदलत पोलिसांना झुलवलं. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत होत्या, त्यामुळे एका घरात फार दिवस मुक्काम करण्याची सोय नव्हती. अखेर १२ नोव्हेंबरला, प्रक्षेपण चालू असतानाच, गिरगावातल्या पारेखवाडीत धाड पडली. २०२४ साली आलेल्या ‘ऐ वतन मेरे वतन’ या चित्रपटामुळे ही हकिगत नव्या पिढीपर्यंत पोचली. पण एक तपशील हौशी रेडिओ चालवणारी हॅम मंडळी सोडून कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. हा रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलायचा. वारंवारतेत मांडलं तर साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आज भारतातल्या परवानाधारक हौशी रेडिओचालकांना मिळालेला ‘४० मीटर’चा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा आहे. म्हणजे काँग्रेस रेडिओची जागा नेमकी त्यातच येते.

त्याच पट्ट्यावर आता रोज सकाळी हवापाण्याच्या आणि तब्येतीच्या गप्पा चालतात. पोलिसांची भीती नाही, परवाना खिशात आहे. अडचण वेगळीच आहे. या पट्ट्यावर नीट बोलायचं तर वीस मीटर लांब तार हवी, आणि फ्लॅटची गॅलरी असते तीन मीटरची.

परवाना मिळतो, जागा मिळत नाही

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, केंद्र सरकारचा परवाना घेऊन, पैसा कमावण्याचा हेतू न ठेवता बिनतारी संपर्काचे प्रयोग करण्याचा छंद. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येतं. पास झालं की व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं, आणि ते जगात दुसऱ्या कुणाचंच नसतं. राजीव गांधींचं होतं व्हीयू-टू-आरजी. या छंदाच्या जागतिक संघटनेची स्थापना १८ एप्रिल १९२५ला पॅरिसमध्ये झाली. २०२५ साली तिला शंभर वर्षं झाली.

या शंभर वर्षांतली बरीचशी पुस्तकं लिहिली गेली ती अंगणवाल्यांनी, अंगणवाल्यांसाठी. घरामागे दोन उंच झाडं असतील, त्यांच्यामध्ये तार ताणा, असा सल्ला त्यांत सापडतो. आपल्याकडे वाडे गेले, बंगले पुनर्विकासात गेले आणि हॅम मंडळी आठव्या, बाराव्या मजल्यावर जाऊन बसली. गच्ची सगळ्यांच्या मालकीची, तिथे पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर आणि डिशच्या छत्र्या. दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन म्हणणार, “सेक्रेटरी साहेबांना विचारा.”

मग उरते गॅलरी. तिथे कपड्यांची दोरी, तुळशीची कुंडी, कबुतरांची जाळी आणि एसीचं आउटडोअर युनिट यांच्यातून जागा काढायची. ही कसरत एकट्या आपल्याच वाट्याला आलेली नाही. जपानी शहरांतही हॅम मंडळी इमारतींतच राहतात, आणि बाल्कनीच्या कठड्याला क्लॅम्पने बसणाऱ्या अँटेना तिथल्या कंपन्या खास बनवतात. आपल्याकडे त्या मागवायच्या तर किंमत आणि कस्टम ड्युटी दोन्ही परवडत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, कोपऱ्यावरचं हार्डवेअर आणि ओळखीचा एसी मेकॅनिक एवढ्यावर भागवावं लागतं.

लांबीचं गणित

अँटेनाचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. अँटेना साधारण त्याच्या निम्मी हवी, आणि तारेच्या टोकांचा परिणाम धरून आणखी पाचेक टक्के कमी. सात मेगाहर्ट्‌झला वीस मीटर, चौदाला दहा मीटर, अठ्ठावीसला पाच मीटर. वॉकीटॉकीच्या १४५ मेगाहर्ट्‌झला अवघा एक मीटर. अर्धी तार डावीकडे, अर्धी उजवीकडे आणि मधोमध कोॲक्स केबल जोडली की झाला डायपोल.

एवढीच लांबी का? झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका हात लावला की तो उंच जातो, अवेळी कितीही जोर लावला तरी अडखळतो. तारेतल्या विद्युतप्रवाहाचंही तसंच आहे. लांबी जुळली की थोड्या शक्तीत भरपूर प्रवाह खेळतो. नाही जुळली तर पाठवलेली शक्ती केबलमधून परत रेडिओकडे येते. हे परत येणं मोजायचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. ते दोनास एक असेल तर सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते, तीनास एक असेल तर २५ टक्के. पूर्वी हे तपासायला मोठी यंत्रं लागत. आता तळहातावर मावणारा, काही हजारांत मिळणारा नॅनोव्हीएनए तारेची सगळी कुंडली पडद्यावर मांडतो. फ्लॅटमधल्या हॅमचं आयुष्य ज्या वस्तूंनी सोपं केलं, त्यांत या खेळण्याएवढ्या यंत्राचा नंबर बराच वर आहे.

तार सरळच ताणायला हवी असं मात्र नाही. डायपोलमध्ये प्रवाह मध्यभागी सर्वांत जास्त असतो आणि टोकांशी जवळपास शून्य. प्रसारणाचं बहुतेक काम मधला भागच करतो. म्हणून मधला भाग सरळ आणि मोकळ्या हवेत ठेवायचा, टोकं हवी तशी वळवायची. कुणी गॅलरीच्या चौकटीभोवती फिरवतं, कुणी खालच्या मजल्याच्या छज्ज्यापर्यंत लोंबू देतं. काळ्या इन्सुलेशनची दीड स्क्वेअर एमएमची घरगुती वायर चार मजल्यांवरून पाहिली तर कुणाला दिसतही नाही. टोकांशी प्रवाह नसला तरी व्होल्टेज असतं, त्यामुळे ती लोखंडी ग्रिलपासून आणि हातापासून लांब हवीत, एवढं पथ्य पाळायचं.

दुसरा मार्ग एका टोकाकडून जोडलेल्या अर्ध्या लहरीच्या तारेचा. तिथे रोध काही हजार ओहम असतो, केबल असते पन्नास ओहमची. फेराइटच्या कड्यावर एकास सात वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला की वेढ्यांच्या वर्गाने, म्हणजे एकोणपन्नास पटीने, फरक भरून निघतो. फायदा असा की केबल गॅलरीत, तारेचं एक टोक गॅलरीत आणि दुसरं समोरच्या अशोकाच्या झाडावर. झाड सोसायटीचं असेल तर माळीबुवांशी ओळख असलेली बरी.

दिवाळीत तर सोयच होते. आकाशकंदील टांगायला बांबू बाहेर काढला, त्याच्याबरोबर एक तार सोडली, तर कोण हटकणार? अनेकांची पहिली अँटेना अशीच कंदिलाच्या दोरीला बांधून बाहेर गेली आहे. तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरतो, तार तिथेच राहते.

गॅलरीतलं तांब्याचं कडं

तारेलाही जागा नसेल तर लूप. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये, आठव्या मजल्यावर, एका निवृत्त अभियंत्यांनी बनवलेला लूप मला जवळून बघायला मिळाला. सगळी इमारत त्यांना काका म्हणते, तेव्हा आपणही काकाच म्हणू. गॅलरीत पीव्हीसीच्या पाइपावर एक मीटर व्यासाचं तांब्याचं कडं उभं होतं. पाइप एसीवाल्याकडचा, तीन सुती. “तो म्हणाला, एसी कुठला आहे काका? म्हटलं, एसी नाही रे, रेडिओ आहे. त्याने पैसे घेतले, पण माझ्याकडे जरा काळजीनेच बघितलं,” काका सांगतात.

कडं वरच्या बाजूला तुटक आहे आणि त्या फटीत जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला, एकाच दांड्यावर दोन कंडेन्सर असलेला गँग कंडेन्सर बसवलेला आहे. खाली, बरोबर समोरच्या बिंदूपाशी, मोठ्या कड्याच्या एकपंचमांश व्यासाचं दुसरं छोटं कडं. केबल जोडली आहे ती याला. मोठ्या कड्याला कुठेच वायर नाही. ऊर्जा एका कड्यातून दुसऱ्यात जाते ती चुंबकीय क्षेत्रातून.

गंमत आकड्यांत आहे. एवढं कडं चौदा मेगाहर्ट्‌झवर जो उपयोगी रोध दाखवतं, ज्याच्यामुळे शक्ती लहरी होऊन बाहेर पडते, तो असतो एका ओहमच्या दहाव्या भागापेक्षाही किंचित कमी. या वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या आतून जात नाही. वरच्या कातडीतून, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून कमी जाडीतून वाहतो. त्यामुळे तीन सुती पाइपाचा स्वतःचा रोधही तेवढाच, एका ओहमचा दहावा भाग. म्हणजे अर्धी शक्ती आकाशात, अर्धी पाइप गरम करण्यात. पाइप सात सुती घेतला तर दोनतृतीयांश बाहेर पडते. हेच कडं सात मेगाहर्ट्‌झवर चालवलं तर उपयोगी रोध सोळा पटींनी घटतो आणि तीन सुती पाइपातून शंभरातले जेमतेम सात-आठ भाग बाहेर जातात.

म्हणून लूप बनवताना सगळी कसोटी लागते ती जोडांवर. नटबोल्टने आवळलेल्या, हिरवट गंज चढलेल्या जोडात ओहमचा दहावा भाग सहज हरवतो, आणि मल्टिमीटरला तो दिसतही नाही. काकांनी प्रत्येक जोड पॉलिश पेपरने चकचकीत करून गॅसच्या बर्नरवर तापवून झाळला. कंडेन्सरच्या फिरत्या बाजूला त्यांनी काही जोडलंच नाही. दोन्ही स्थिर भागांनाच पाइपाची टोकं झाळली, म्हणजे दोन्ही गँग आपोआप एकामागे एक येतात आणि घासणाऱ्या संपर्काची गळतीही टळते. दुसरा लाभ व्होल्टेजचा. अवघ्या पाच वॅटवर या कंडेन्सरवर तेराशे व्होल्टच्या आसपास दाब येतो. तो दोघांत विभागला जातो, नाहीतर पत्र्यांमध्ये ठिणग्या उडतात.

“आता बघा,” म्हणत काकांनी रेडिओ चालू केला. स्पीकरमधून नुसती मलूल खरखर. कंडेन्सरच्या दांड्याला त्यांनी हातभर लांब पीव्हीसीची कांडी जोडली आहे, कारण हात जवळ नेला तरी ट्यूनिंग हलतं. कांडी केसभर फिरवली आणि खरखर एकदम उसळली, तिच्यातून एक रशियन आवाज वर आला. आणखी केसभर फिरवली, आवाज बुडाला. लूपची पट्टी इतकी अरुंद असते. चौदा मेगाहर्ट्‌झवर वीसेक किलोहर्ट्‌झ सरकलं की पुन्हा कांडी हातात घ्यायची. आतून काकूंचा आवाज आला, “अहो, ते कडं जरा सरकवा, चादरी वाळत घालायच्यात.” काकांनी कडं सरकवलं आणि पुन्हा जुळवायला घेतलं.

खरा शत्रू: गोंगाट

नवशिक्याला वाटतं, फ्लॅटमध्ये आपला आवाज बाहेर पोचणार नाही. प्रत्यक्षात आवाज पोचतो, समोरच्याचा ऐकू येत नाही. इमारतीतला प्रत्येक एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर आणि लिफ्टची मोटर चालवणारं ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करत असतं. स्वस्तातल्या मालात फिल्टर गाळलेला असतो. त्या चालू-बंदचा कचरा घरातल्या वायरिंगभर पसरतो आणि अख्खी इमारत गोंगाट करणारी अँटेना होते. त्यात दिवाळीत प्रत्येक गॅलरीत चमकत्या माळा लागल्या की ४० मीटरचा पट्टा सणाचे चार दिवस बंद पडल्यासारखाच. पुण्यातल्या हॅमला गुरुवारचं कौतुक असतं. देखभालीसाठी वीज गेली की बॅटरीवरचा रेडिओ लावायचा. एरवी गाडले गेलेले दूरचे सिग्नल सुस्पष्ट ऐकू येतात.

यावर उपाय आहेत आणि ते नवीन रेडिओ घेण्यापेक्षा स्वस्त आहेत. रेडिओ बॅटरीवर ठेवून घरातले एमसीबी एकेक करून पाडायचे. खरखर कधी थांबते ते ऐकलं की चोर सापडतो. बहुतेकदा तो आपल्याच घरातला असतो: टीव्हीमागचा ॲडॉप्टर किंवा देव्हाऱ्यातला चायनीज दिवा. तो बदलायचा किंवा त्याच्या वायरवर फेराइटची क्लिप चढवायची. अँटेनाच्या केबललाही पीव्हीसी पाइपावर किंवा फेराइटवर वेढे देऊन चोक करायचा, म्हणजे केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरातला कचरा रेडिओत शिरत नाही, आणि आपली लहर शेजाऱ्याच्या कॉम्प्युटर स्पीकरमध्ये बोलत नाही. लूपचा इथेही फायदा होतो. कड्याची चपटी बाजू ज्या दिशेला असेल तिथून त्याला कमी ऐकू येतं. ती लिफ्टच्या खोलीकडे वळवली की निम्मं भांडण मिटतं.

मोजपट्टी आणि अंतराळ स्थानक

ज्यांना गोंगाटाशी झुंजायचं नाही त्यांनी वर बघावं. १४५ मेगाहर्ट्‌झवर तो बराच कमी असतो आणि अँटेना लहान लागते. जुन्या घरात दूरदर्शनच्या अँटेनाची चपटी दुपदरी वायर पडली असेल, तर तिच्या दीड मीटर तुकड्याची स्लिम जिम नावाची अँटेना होते. ती पडद्याच्या रॉडला टांगता येते आणि गुंडाळून पिशवीत टाकता येते. १९७८ साली ब्रिटनच्या फ्रेड जड यांनी ती मांडली.

त्याहून गमतीची म्हणजे मोजपट्टीची यागी. जुन्या टीव्हीची काटेरी अँटेना ज्या यागी आणि उदा या जपानी संशोधकांच्या नावाने ओळखली जाते, तिचंच हे गरीब भावंड. सुताराकडे असते ती स्टीलची टेप कापून तीन पट्ट्या करायच्या, पीव्हीसीच्या पाइपावर क्रॉस आणि टी लावून त्या होज क्लॅम्पने आवळायच्या, मधल्या पट्टीचा रंग खरवडून केबल झाळायची. दारातून नेताना पट्ट्या वाकतात, बाहेर आल्या की ताठ होतात. ही हातात धरून गॅलरीत उभं राहायचं आणि साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे रोखायची. वॉकीटॉकी १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर लावली, तर अधूनमधून तिथले अंतराळवीर एखाद्या शाळेतल्या मुलांशी बोलताना थेट ऐकू येतात. फेरी फार तर दहा मिनिटांची, आणि पश्चिमेची गॅलरी असेल तर आकाशही अर्धंच. पण शाळकरी मुलांना छंद लावायला ती दहा मिनिटं पुरतात.

यात आपला देशही मागे नाही. ५ मे २००५ला पीएसएलव्ही-सी६ यानाने कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह नेला. इस्रोने तो खास हॅम मंडळींसाठी बनवला होता आणि २०१४ पर्यंत तो चालला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स हा ट्रान्सीव्हर अशा बेताने आखला की त्याचे सुटे भाग गावातल्या दुकानात मिळावेत आणि कुणालाही तो घरी जोडता यावा. फ्लॅटमधल्या अँटेनाला लागते तेवढीच, म्हणजे पाच-सात वॅट शक्ती त्यातून मिळते.

एवढ्याशा शक्तीने होतं काय? २०१७ साली नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-एट ही पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने कॉम्प्युटर इवलेसे संदेश पाठवतो, आणि कानाला नुसती खरखर वाटेल तिथूनही समोरचं कॉलसाइन शोधून काढतो. गप्पा होत नाहीत, ही जुन्या जाणत्यांची तक्रार रास्तच आहे. पण निम्मी शक्ती पाइपात हरवणारा लूपही या पद्धतीने युरोप गाठतो. त्यात सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र २०२४च्या सुमारास शिखरावर होतं. अशा काळात २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा जागा असतो, आणि त्याला पाच मीटरचीच तार पुरते.

सेक्रेटरींचे प्रश्न

लपूनछपून लावलेली अँटेना फार दिवस लपत नाही. कुणीतरी विचारतंच, आणि पहिला प्रश्न मोबाइल टॉवरच्या भीतीतून येतो: रेडिएशनचं काय? उत्तर थातूरमातूर देऊ नये. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडत नाहीत, शक्तीही घरातल्या एलईडी बल्बपेक्षा कमी असते, आणि प्रसारण दिवसातली काही मिनिटंच चालतं. तरी बोलत असताना लूपपासून दीड-दोन मीटर लांब राहावं, मुलांचा हात लागेल अशा उंचीवर तारेचं टोक ठेवू नये. उच्च वारंवारतेचा चटका त्वचेवर पटकन बसतो. गच्चीवर तार असेल तर वळवाच्या पावसाआधीच केबल रेडिओतून काढून घराबाहेर ठेवायची, नीट अर्थिंग करायचं आणि लायटनिंग अरेस्टर बसवायचा. हे सगळं स्वतःहून सांगणाऱ्या माणसाला परवानगी मिळायची शक्यता जास्त असते, असा सर्वत्र अनुभव आहे.

दुसरा प्रश्न असतो, याचा उपयोग काय? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल कोलमडले, याची मुंबईकराला आठवण करून द्यावी लागत नाही. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होती. एका हॉटेलात मांडलेल्या तात्पुरत्या केंद्रावरून त्यांनी मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण चालू ठेवली. अंगण, टॉवर, कायमची अँटेना यांतलं तिथे काहीही नव्हतं. थोड्या जागेत, हाताशी असलेल्या सामानातून काम करणारी अँटेना उभी करता येणं हे कौशल्य फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे रोजच्या सरावाने येतं. आपत्तीत लागतं तेही हेच.

हॅम होऊ पाहणाऱ्यांना म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं: महागडा रेडिओ घेण्याआधी घरातला गोंगाट शोधा, मग तार लावा, मग जोड झाळा, आणि पैसे उरले तर रेडिओ घ्या. आणि सोसायटीच्या कमिटीला एक विनंती आहे. असा अर्ज समोर आला तर तो ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणून फाइलमध्ये ढकलू नका. परवान्याची प्रत मागा, तार कुठून कुठे जाणार त्याचा नकाशा मागा, अर्थिंग आणि अरेस्टरची खात्री करा, तक्रार आल्यास तार उतरवण्याचं लेखी घ्या. तार किलोभराचीही नसते, आणि सोसायटीचा त्यात एक रुपयाही जात नाही. एवढं झालं की सही करा आणि गच्चीची किल्ली द्या.